गाडीला टेकू



या वेळचा पाठ एका छोट्या शब्दापासून सुरू करू. शब्द आहे 'टेकू'. भिंत कलली की बाहेरून तिरपा वासा लावतात, तो टेकू. वर्तमानपत्रात एखाद्या सरकारला अपक्षांचा टेकू आहे असे छापून आले की वाचणाऱ्याला लगेच कळते, हे सरकार स्वतःच्या पायावर उभे नाही. केळीला घड लागला की तिचे खोड वाकते, मग तिला बांबूचा आधार देतात. त्या आधाराला 'धिरा' म्हणतात. मनाला देतात तो धीर आणि केळीला देतात तो धिरा. मांडवाच्या मध्ये खांब उभा करतात, ती मेढ. आपल्या भाषेत आधाराला इतके निरनिराळे शब्द आहेत, कारण जड वस्तू डोक्यावर पडली तर काय होते हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. आज आपण मोटारगाडीच्या टेकूबद्दल शिकणार आहोत. गाडी जॅकने उचलून तिच्याखाली शिरून काम करायचे असेल तर ती कशावर ठेवायची, हा आपला विषय.

तुम्ही म्हणाल, आम्ही रोल्लाच्या फ्लॅटमध्ये राहतो, इथे कोण गाडीखाली शिरते? ऑइल बदलायचे असले की बाबा गाडी इंडस्ट्रियल एरियात नेतात आणि तासाभरात काम उरकून येते. हे खरे आहे, आणि चांगलेही आहे. पण दोन प्रसंग कोणालाही चुकत नाहीत. एक, रस्त्यात किंवा पार्किंगमध्ये चाक पंक्चर होणे. दुसरा, सुट्टीत भारतात गेल्यावर अंगणात काका किंवा मामा जॅक लावून गाडीखाली सरपटत जातात आणि "अरे, जरा तो दहाचा पाना दे" असे म्हणत हात बाहेर काढतात. त्या वेळी पाना देणारे तुम्ही असता. गाडी कशावर उभी आहे हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आतल्या माणसापेक्षा नीट दिसते. म्हणून हा पाठ तुमच्यासाठी आहे.

आपण राहतो त्या भागाचे नावच मुळी एका झाडावरून पडले आहे. अरबीत 'रोला' म्हणजे वड. आज रोल्लाचे उद्यान आहे त्या जागी एक प्रचंड जुना वड होता. ईदच्या दिवशी लोक त्याच्या सावलीत जमत, मुले त्याला झोपाळे बांधत. ते झाड १९७८ साली पडले. आता त्याची आठवण म्हणून उद्यानात स्मारक आहे. वडाची फांदी आडवी वाढत जाते. आडव्या फांदीचे वजन एकट्या खोडाला किती दिवस पेलणार? म्हणून ती खाली पारंब्या सोडते. पारंबी जमिनीत रुजली, जाड झाली, की ती त्या फांदीचा खांब बनते. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात एक प्रसिद्ध वड आहे. त्याच्या मुख्य खोडाला बुरशीचा रोग लागला म्हणून १९२५ साली ते खोड कापून काढावे लागले. झाड मात्र आजही उभे आहे, ते केवळ पारंब्यांच्या आधारावर. फांदीला वाढवले खोडाने, पण तिला धरून ठेवले पारंबीने. वाढवणारा निराळा आणि धरणारा निराळा, ही गोष्ट लक्षात असू द्या. गाडीच्या बाबतीतही उचलणारा आणि धरणारा निराळा असावा लागतो.

आता थोडे आकडे पाहू. एक मध्यम आकाराची गाडी साधारण १३०० किलो वजनाची असते. इंजिन पुढे असल्यामुळे वजनाचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो. तो ६० टक्के धरला तर ७८० किलो, म्हणजे पुढच्या एकेका चाकावर ३९० किलो. सोपे जावे म्हणून ४०० म्हणू. गाडीचा पुढचा एक कोपरा उचलला की जॅकवर साधारण एवढे वजन येते. ४०० किलो म्हणजे सिमेंटच्या ५० किलोच्या आठ गोण्या. आठ गोण्या एकावर एक रचून त्यांच्याखाली कोणी झोपेल काय?

जॅक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. गाडीच्या डिकीत स्टेपनीबरोबर मिळतो तो स्क्रूचा जॅक. दांडा फिरवला की आटे फिरतात आणि पतंगाच्या आकाराची चौकट उभी होत जाते. आट्यांमध्ये घर्षण इतके असते की वरून कितीही वजन आले तरी स्क्रू आपण होऊन उलटा फिरत नाही. या बाबतीत तो भरवशाचा आहे. पण त्याचा तळ असतो हाताच्या पंजाएवढा, आणि माथा त्याहून लहान. गाडी थोडी जरी पुढेमागे सरली तरी तो आडवा होतो. चाक बदलण्यापुरताच तो बनवलेला असतो, आणि चाक बदलताना माणूस गाडीच्या बाहेर असतो. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले असते. घरी ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडेल. शोधून ते पान काढा.

दुसरा प्रकार तेलाच्या दाबावर चालणारा, हायड्रॉलिक. ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितले की बंदिस्त द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो. १७९५ साली जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. आजचा बाटलीच्या आकाराचा जॅक त्याच तत्त्वावर चालतो. समजा, त्यातला पंपाचा छोटा दट्ट्या १ सेंटीमीटर व्यासाचा आहे आणि गाडी उचलणारा मोठा दट्ट्या ३ सेंटीमीटरचा. व्यास तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, म्हणून बळही नऊपट. शिवाय दांडा ४० सेंटीमीटर लांब आणि पंप टेकूपासून २ सेंटीमीटरवर, म्हणजे तरफेमुळे आणखी वीसपट. (तरफ ज्यावर टेकते त्या बिंदूलाही शाळेच्या पुस्तकात 'टेकू' असेच म्हणतात.) नऊ गुणिले वीस म्हणजे १८०. चारशे किलोला १८० ने भागा: सव्वादोन किलोच्या जोराने हात दाबला की गाडी वर! प्रत्यक्षात घर्षणामुळे थोडा जास्त जोर लागतो, तरी तुमच्यासारखा मुलगाही गाडी उचलू शकतो. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. पंप २ सेंटीमीटर खाली गेला तर मोठा दट्ट्या फक्त दोन मिलिमीटरच्या आसपास वर जातो. वीस सेंटीमीटर उचलायला नव्वद वेळा दांडा मारावा लागतो.

हेच गणित आता उलटे करून पाहा. आमच्या मते या पाठातले सर्वांत महत्त्वाचे गणित हेच आहे. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटीमीटर. म्हणजे गाडी १ सेंटीमीटर खाली यायला आतले फक्त ७ घनसेंटीमीटर तेल सरकावे लागते. चहाच्या चमच्यात ५ मावते. दीड चमचा तेल सरकले की गाडी एक सेंटीमीटर खाली, आणि चहाचा अर्धा कपही नाही एवढे तेल सरकले की दहा सेंटीमीटर. ते तेल अडवून कोण धरते? रबराची एक चकती आणि एक वाटाण्याहून लहान गोळी. रबर वर्षानुवर्षे डिकीतल्या उन्हाळ्यात भाजून निघालेले असते. तेलात कचऱ्याचा एक कण आला आणि गोळीखाली अडकला, तर झडप पूर्ण मिटत नाही. गाडी कधी हळूहळू उतरते, कधी एकदम. म्हणून हायड्रॉलिक जॅक चांगल्या नावाचा असो, नवा असो, महाग असो, त्याच्याकडे उचलण्याचे काम द्यावे आणि तेवढेच द्यावे.

मोठ्या गॅरेजमध्ये काय करतात ते पुढच्या वेळी बाबांबरोबर गेलात तर नीट पाहा. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर चढवतात. वर जाताना 'टक् टक् टक्' असा आवाज येतो. तो खांबातल्या खटक्यांचा. हव्या त्या उंचीवर पोचल्यावर चांगला मेकॅनिक लगेच खाली जात नाही. तो लिफ्ट थोडी खाली सोडतो आणि खटक्यावर बसवतो. आता वजन तेलावर नाही, लोखंडावर आहे. एवढी मोठी लिफ्ट असूनही उचलण्याचे काम तेलाचे आणि धरण्याचे लोखंडाचे अशी वाटणी केलेली असते.

आपल्या एसटीच्या आगारात याहून साधी युक्ती आहे. तिथे बस उचलतच नाहीत. जमिनीत लांबट खड्डा बांधलेला असतो, बस त्याच्यावर येऊन उभी राहते आणि कारागीर पायऱ्या उतरून खाली जातो. बसची चाके पक्क्या जमिनीवरच राहतात. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) अशी धावली. तेव्हापासून एसटीत एक वस्तू ड्रायव्हर-कंडक्टरांच्या हाताशी असते, ती म्हणजे उटी. घाटात बस थांबली की कंडक्टर उतरून चाकामागे लाकडाचा ठोकळा नाहीतर दगड लावतो, तीच उटी. चंदनाची उटी अंगाला लावतात, ही चाकाला.

बैलगाडीच्या काळातही हे ज्ञान होतेच. आखाला वंगण घालायचे तर चाक काढावे लागे. चार माणसे गाडीची एक बाजू उचलत, पण उचलून धरून बसत नसत. पाचवा माणूस लगेच आखाखाली ओंडका सरकवी, मग हात सुटत. मोटारगाडीचे काम याहून निराळे नाही. चार माणसांच्या जागी जॅक आला, एवढेच.

ओंडक्याच्या जागी आज जे वापरतात त्याला कोणी अ‍ॅक्सल स्टँड म्हणते, कोणी जॅक स्टँड. गॅरेजमधले लोक 'घोडी' म्हणतात. आपणही घोडीच म्हणू, कारण शब्द चपखल आहे: चार पाय फाकलेले आणि पाठीवर ओझे. घोडीचा तळ रुंद, माथा अरुंद, त्यामुळे ती सहजी कलंडत नाही. तिच्यात तेल नाही, रबर नाही, काही फिरत नाही. मधला दांडा वरखाली करून हव्या उंचीवर अडकवायचा. अडकवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकात दांड्याला भोके असतात आणि त्यातून जाड खिळ आरपार घालतात. दुसऱ्यात दांड्याला करवतीसारखे दाते असतात आणि एक खटका त्यात बसतो. दातेरी घोडी सोयीची, पटकन उंची बदलते. आमची पसंती मात्र खिळीच्या घोडीला. खिळ आरपार गेली आहे की नाही हे डोळ्यांनी दिसते. खटका दात्यात पुरता बसला आहे की नुसता टोकावर टेकला आहे, ते बाहेरून नेहमी दिसत नाही.

ही शंका काल्पनिक नाही. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या साखळी दुकानांनी विकलेल्या दातेरी घोड्या मोठ्या प्रमाणावर परत मागवाव्या लागल्या. त्यांची संख्या दहा लाखांहून जास्त होती. कारखान्यातले साचे झिजत गेल्यामुळे काही घोड्यांचे दाते आणि खटका एकमेकांत पुरेसे खोल बसत नव्हते, आणि गाडीचे वजन सरकले तर खटका सुटून गाडी खाली येऊ शकत होती. पुढे त्याच वर्षी, बदली म्हणून दिलेल्या एका प्रकारच्या घोड्याही वेल्डिंगच्या दोषामुळे परत घ्याव्या लागल्या. आता विचार करा. लाखो लोकांनी नियम पाळला होता, जॅकवर विसंबले नव्हते, पैसे खर्चून घोडी आणली होती, आणि दोष त्या घोडीतच निघाला. म्हणून जाणकार माणूस घोडी लावल्यावरही आणखी एक आधार ठेवतो. तो कोणता ते पुढे येईलच. आम्ही संगणकाच्या धंद्यातले लोक, माहितीची एकच प्रत ठेवणाऱ्याला आमच्यात कोणी शहाणा म्हणत नाही.

घोडी विकत घेताना तिच्यावरचे लेबल वाचावे. 'तीन टन' असे लिहिलेले असते, पण तो आकडा एका घोडीचा की जोडीचा, हे बारीक अक्षरात असते. गाडीच्या वजनाच्या मानाने मोकळ्या हाताने मोठी घोडी घ्यावी. पाय वाकलेली, तडा गेलेली, गंजून पापुद्रे निघालेली घोडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

घोडी नसली की लोक हाताला येईल ते लावतात. शारजात जिथे तिथे बांधकाम चालू असते, त्यामुळे हाताला येतो सिमेंटचा पोकळ ब्लॉक. तो दिसायला दणकट असतो. भिंतीत त्याच्यावर वजन सगळीकडून सारखे येते आणि मसाला ते पसरवून देतो, म्हणून तो तिथे टिकतो. गाडीखाली मात्र लोखंडाची एक अरुंद कड त्याच्या मधोमध रुतते. सिमेंट दाबाला बळकट पण ताणाला कच्चे. त्याला तडा जातो तो एका क्षणात, आधी काहीही न कळवता. विटांचेही तेच. लाकडाचा स्वभाव निराळा आहे. चांगले लाकूड मोडण्यापूर्वी चेपते, करकरते, बोलते. म्हणून ढिगाऱ्याखालून माणसे सोडवणारी पथके आजही लाकडाच्या जाड तुकड्यांची चळत रचतात: दोन आडवे, त्यावर दोन उभे, पुन्हा दोन आडवे. घोडी नसेल तर अशी रुंद, जाड चळत चालेल. एकावर एक रचलेली फळकुटे चालणार नाहीत. आणि सिमेंटचा ब्लॉक कधीच नाही, एक मिनिटासाठीही नाही.

आता जमीन. इथल्या मुलांना याचा विचार अधिक करावा लागतो, कारण आपल्या पायाखाली रेती आहे. बाटली जॅकचा तळ १० सेंटीमीटर लांब आणि १० रुंद धरा, म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर. ४०० किलो भागिले १०० म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ४ किलो. गाडीच्या टायरमध्ये ३२ पौंड हवा असते, तो दाब होतो साधारण सव्वादोन किलो, आणि तेवढ्यानेही टायर मऊ रेतीत रुततात हे वाळवंटात गेलेल्यांनी पाहिलेच आहे. घोडीचे चार पाय तर त्याहून लहान. प्रत्येक पाय ३ सेंटीमीटर लांब-रुंद धरला तर चारांचे मिळून ३६ चौरस सेंटीमीटर, म्हणजे दाब ११ किलो! तोच भार ४० सेंटीमीटर लांब-रुंद जाड फळीवर ठेवला तर पाव किलोवर येतो. फळी पातळ असेल तर मधेच वाकते आणि हे गणित फसते, म्हणून ती दोन बोटे तरी जाड हवी. तरीसुद्धा रेतीच्या मैदानात फळी वापरायची ती चाक बदलण्यापुरती. रेतीवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, फळी असो वा नसो. ट्रॉली जॅक, म्हणजे लहान चाकांचा लांबट जॅक, रेतीत आणखी धोक्याचा. त्याचा हात वर जाताना सरळ जात नाही, कमानीत जातो. म्हणून उचलताना जॅकने स्वतः थोडे पुढे सरकायला हवे. रेतीत त्याची चाके रुततात, जॅक सरकत नाही आणि मग गाडीच त्याच्या माथ्यावरून घसरते.

इमारतींसमोर इंटरलॉकच्या फरशा असतात. दिसायला पक्क्या, पण खाली रेतीच असते आणि एकट्या फरशीवर भार आला की ती खचते. डांबरी रस्ता उन्हाळ्यात मऊ पडतो. जुलैच्या दुपारी घोडीचे पाय त्यात हळूहळू उतरतात आणि चारही पाय सारखे उतरत नाहीत. तिथेही फळी हवीच. सर्वांत चांगली जागा म्हणजे सपाट काँक्रीट. सपाट म्हणजे खरोखर सपाट. जमिनीवर गोटी ठेवून पाहा, घरंगळली तर जागा बदला. आणि जागा कोणाच्या मालकीची आहे, तिथे असे काम चालते का, हे आधी विचारून घ्यावे. तेल सांडलेले कोणालाच आवडत नाही.

हँडब्रेक लावला की गाडी हलत नाही असे आपण धरून चालतो. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागचीच चाके हवेत उचलली तर हँडब्रेक धरतो कशाला? हवेला! ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी' वर ठेवला की ती अडकते, पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो 'पी' फक्त पुढच्या चाकांना अडवतो, आणि तेही दोन्ही चाके जमिनीवर असतील तर. एक पुढचे चाक उचलले की डिफरन्शियलमुळे हवेतले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे सुलटे. म्हणजे 'पी' असूनही गाडी पुढच्या बाजूने मोकळी, मग तिला धरणारा हँडब्रेकच उरतो. गिअर आणि हँडब्रेक दोन्ही लावावेत, पण खरा भरवसा उटीवर. जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी लावावी. हे जॅक हातात घेण्याच्या आधी.

पुढचे काम सावकाश करावे. गाडी उचलायची ती पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. दारांच्या खालच्या पट्टीवर त्यासाठी खाचा किंवा खुणा असतात, तिथला पत्रा जाड केलेला असतो. ऑइलच्या टाकीचा पत्रा पातळ असतो, तिथे जॅक लावणे म्हणजे पापडाला टेकू लावणे. हवी तेवढीच उंची घ्यावी, हौसेने जास्त नको. मग दोन्ही बाजूंना घोड्या सरकवाव्यात, दोन्हींची उंची सारखी ठेवावी आणि जॅक हळूहळू उतरवून गाडी घोड्यांवर बसवावी. घोडीचे चारही पाय जमिनीला टेकले आहेत ना, हे वाकून पाहावे.

आता मराठीत एक वाक्प्रचार आहे: खुंटा हलवून बळकट करणे. गुरे बांधायचा खुंटा रोवला की शेतकरी तो हलवून पाहतो, सैल असेल तर पुन्हा ठोकतो. गाडीचेही तसेच. घोड्यांवर बसवलेल्या गाडीला बाहेर उभे राहून दोन्ही हातांनी चांगला धक्का द्यावा, आधी बाजूने, मग पुढून. पडायची असेल तर ती आताच पडू दे, खाली कोणी नसताना. आतमध्ये घट्ट बसलेला नट ओढताना माणूस गाडीला याहून मोठा हिसका देतो. किंबहुना असे घट्ट नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून ठेवतात.

आणि तो आणखी एक आधार. चाक काढलेले असेल तर ते दाराच्या पट्टीखाली आडवे सरकवून ठेवावे. चाक काढलेले नसेल तर स्टेपनी ठेवावी. घोडीने दगा दिला तरी गाडी त्या चाकावर येऊन थांबते आणि खालच्या माणसाला वीतभर जागा उरते. पैसा लागत नाही, अर्धे मिनिट लागते. जॅकही काढून न घेता पट्टीला नुसता टेकलेला राहू द्यावा.

गाडीखाली कोणी असताना बाहेर दुसरा माणूस हवाच, आणि त्याला जॅक चालवता यायला हवा. हे काम तुमचे. तुम्ही अजून लहान आहात, तुम्ही गाडीखाली जायचे नाही. पण बाहेरच्या माणसाचे काम कमी महत्त्वाचे नाही. गाडीत कोणाला बसू द्यायचे नाही, दार आपटू द्यायचे नाही, इंजिन सुरू करू द्यायचे नाही. गाडी जराही खाली आल्यासारखी वाटली तर "बाहेर या" असे ओरडायचे, खात्री करत बसायचे नाही. दुसरा जॅक हाताशी बाहेर ठेवायचा. गाडी कोणावर पडलीच, तर छाती दाबली गेल्यामुळे श्वास घेता येत नाही, आणि मेंदू प्राणवायूशिवाय काही मिनिटेच तग धरतो. तेव्हा माणसाला ओढायचे नाही. मोठ्याने हाक मारून माणसे जमवायची, जॅक लावून गाडी उचलायची आणि त्याच वेळी फोन करायला सांगायचे. इथे रुग्णवाहिकेसाठी ९९८, पोलिसांसाठी ९९९. भारतात ११२, आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

२०१२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात अशीच घटना घडली होती. घरी दुरुस्ती करत असताना गाडी जॅकवरून घसरून एका गृहस्थांच्या अंगावर आली. त्यांच्या २२ वर्षांच्या मुलीने गाडीची बाजू उचलून त्यांना सोडवले आणि कृत्रिम श्वास देऊन वाचवले. वर्तमानपत्रांनी तिच्या ताकदीचे फार कौतुक केले. आम्हाला तिच्या प्रशिक्षणाचे कौतुक अधिक वाटते. ती जीवरक्षकाचे काम शिकलेली होती, म्हणून गाडी बाजूला झाल्यावर पुढे काय करायचे हे तिला ठाऊक होते.

शक्य असेल तिथे गाडीखाली जाण्याची वेळच येऊ देऊ नये. ऑइल बदलण्यासाठी लोखंडी उतरणीची जोडी मिळते, तिच्यावर गाडी चढवली की वजन चाकांवरच राहते. मागच्या चाकांना उटी मात्र तिथेही लावायचीच.

स्वाध्याय

१. 'धीर' आणि 'धिरा' हे दोन्ही शब्द येतील असे एक वाक्य लिहा.

२. एका गाडीचे वजन १५०० किलो आहे. त्यापैकी ५६ टक्के पुढच्या चाकांवर आहे. पुढे दोन घोड्या लावल्या तर एकेका घोडीवर अंदाजे किती किलो भार येईल? प्रत्येक घोडीखाली ३० सेंटीमीटर लांब-रुंद जाड फळी असेल तर जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला किती दाब येईल?

३. एका जॅकच्या मोठ्या दट्ट्याचा व्यास ४ सेंटीमीटर आहे. गाडी २ सेंटीमीटर खाली येण्यासाठी किती घनसेंटीमीटर तेल सरकावे लागेल? चहाचे किती चमचे?

४. घरच्या गाडीच्या पुस्तिकेत जॅक लावण्याच्या जागा शोधा, बाबांना किंवा आईला सोबत घेऊन प्रत्यक्ष गाडीवर त्या खुणा पाहा आणि त्यांचे चित्र काढून आणा. गाडीत उटी आहे का तेही पाहा. नसेल तर वर्गात सांगा, लाकडाचे तुकडे कापून देण्याची व्यवस्था करू.